करोनरी धमन्यांतल्या प्लाकचा एमआरआय: या चुका टाळा

उजव्या करोनरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) मधल्या भागात एक उजळ ठिपका दिसतो. टी-वन (चुंबकत्व पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) कमी असलेला भाग उजळ दाखवणाऱ्या टी-वन वेटेड प्रतिमेत तो हृदयाच्या स्नायूपेक्षा ठळक असतो, आकार मात्र जेमतेम तीन-चार पिक्सेल. हा आत रक्तस्राव झालेला प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला मेदाचा थर) असू शकतो. नीट न दबलेली चरबी, शेजारून जाणारी शीर किंवा रेंगाळलेलं रक्तही असू शकतं. यातलं नेमकं काय, हे रिपोर्ट लिहिताना ठरवू म्हणून सोडलं की ते सहसा ठरतच नाही. उत्तर देणारा डेटा रुग्ण टेबलावर असतानाच घ्यावा लागतो.

निरोगी करोनरीची भिंत साधारण १ मिमी किंवा त्याहून पातळ असते आणि धमनीच्या वरच्या भागाचा व्यास ३ ते ४ मिमी. उजवी करोनरी एका ठोक्यात सेंटीमीटरहून जास्त सरकते, श्वासाची हालचाल त्यात आणखी भर घालते. म्हणून इथे ‘थोडीशी’ धूसर प्रतिमा असं काही नसतं. अर्धा मिलिमीटर धूसरपणा आला की निम्मी भिंत हातची गेली.

स्थिर क्षण सूत्राने ठरवणं

ठोक्यांच्या गतीवरून ट्रिगर डिले (ठोक्याच्या खुणेपासून डेटा घेईपर्यंतचा विलंब) काढून देणारी सूत्रं यंत्रात असतात. ती सरासरीसाठी बरी, समोरच्या रुग्णासाठी नाहीत. मिनिटाला ६० ते ७० ठोके असतील तर प्रसरणाच्या मध्यावर साधारण १०० ते १५० मिलिसेकंदांचा शांत काळ मिळतो. ठोके ८० च्या वर गेले की हा काळ झपाट्याने आक्रसतो. आकुंचनाच्या शेवटचा शांत काळ मुळात लहान असला तरी गतीनुसार फारसा बदलत नाही, म्हणून वेगवान ठोक्यांत तोच निवडावा.

पद्धत अशी: चार कप्प्यांच्या छेदात सिनी (ठोक्याची हलती प्रतिमा) घ्या, एका ठोक्यात किमान ४० ते ५० फ्रेम. मिनिटाला ६० ठोके आणि ५० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेम २० मिलिसेकंदांची. आता उजव्या बाजूच्या खाचेत, कर्णिका आणि जवनिका यांच्या मधल्या चरबीत दिसणारा उजव्या करोनरीचा गोल ठिपका फ्रेम-फ्रेमने बघा. तो सरकायचा कधी थांबतो आणि पुन्हा कधी निघतो, हे दोन आकडे लिहून ठेवा. डेटा घेण्याची खिडकी त्यांच्या आतच बसली पाहिजे. भिंतीच्या प्रतिमेसाठी ती १०० मिलिसेकंदांच्या आत ठेवावी.

इथे एक गोष्ट सर्रास सुटते. सिनी श्वास रोखून घेतली जाते आणि मुख्य स्कॅन चालत्या श्वासात होतो. श्वास रोखल्यावर ठोक्यांची गती बदलते, त्याबरोबर शांत काळही सरकतो. म्हणून सिनीही चालत्या श्वासात आणि मुख्य स्कॅनच्या अगदी आधी घ्या. स्कॅन लांबला आणि गती मिनिटाला ५ ते १० ठोक्यांनी बदलली, तर पुन्हा घ्या. त्यात जाणारं एखादं मिनिट वाया जात नाही.

नॅव्हिगेटर लावला आणि विसरलं

नॅव्हिगेटरची (श्वासाची हालचाल टिपणाऱ्या पट्टीची) जागा उजव्या श्वासपटलाच्या घुमटावर, अर्धी फुप्फुसात आणि अर्धी यकृतात. तो हृदयाच्या फार जवळ आला तर त्याच्याच पल्समुळे हृदयावर काळा पट्टा उमटतो, आणि हा पट्टा नेमका धमनीवर पडला की भिंत ‘गायब’ झाल्यासारखी वाटते.

स्वीकाराची खिडकी (श्वासपटल ज्या टप्प्यात असतानाच डेटा घेतला जातो तो) ५ मिमी ठेवण्याची पद्धत आहे. श्वासपटल जितकं हलतं त्याच्या ०.६ पट हृदय हलतं, असं धरून यंत्र दुरुस्ती करतं. पण हे ०.६ सरासरी आहे, प्रत्यक्षात माणसागणिक बराच फरक पडतो. खिडकी रुंद केली की या आकड्यातली चूक सरळ प्रतिमेत उतरते. स्कॅन लवकर संपावा म्हणून खिडकी ८ मिमी करण्याचा मोह होतो, तो टाळा.

स्वीकाराचं प्रमाण ४० टक्के असेल तर ४ मिनिटांच्या डेटाला १० मिनिटं लागतात. ते मध्येच २० टक्क्यांच्या खाली घसरलं तर बहुतेक वेळा रुग्णाला डुलकी लागलेली असते आणि श्वासपटलाची जागा हळूहळू सरकलेली असते. तसंच रेटत राहू नका. रुग्णाशी बोला, खिडकी नव्या जागेवर बसवा, गरज पडली तर पुन्हा सुरू करा. प्रतिमेवरूनच हालचाल मोजणाऱ्या नव्या पद्धतींत जवळजवळ सगळा डेटा वापरता येतो. त्या उपलब्ध असतील तर जरूर वापराव्यात, मात्र ठोक्याची वेळ नीट निवडण्यापासून त्यांनीही सुटका होत नाही.

ईसीजीबद्दल थोडक्यात. चुंबकीय क्षेत्रात वाहणाऱ्या रक्तामुळे टी लहर फुगते आणि यंत्र तिलाच आर (ठोक्याची मुख्य लहर) समजून ट्रिगर करतं. ३ टेस्लावर हे जास्त होतं. त्वचा कोरडी आणि स्वच्छ करा, केस काढा, व्हेक्टर ईसीजी (लहरींची दिशाही बघणारा) वापरा, रुग्ण आत गेल्यावर ट्रिगरच्या खुणा पुन्हा बघा. वायरींचा वेटोळा त्वचेवर राहू देऊ नका, भाजतं.

प्रत्येक उजळ ठिपका प्लाक मानणं

साकळलेल्या रक्तातल्या मेटहिमोग्लोबिनमुळे टी-वन कमी होतो, म्हणून प्लाकमधला रक्तस्राव किंवा ताजी गुठळी टी-वन प्रतिमेत चमकते. करोनरीभोवतीच्या चरबीचा टी-वनसुद्धा कमीच असतो. धमनी त्या चरबीतच रुतलेली असते, त्यामुळे चरबी दाबण्यात कसूर झाली की खोटा प्लाक तयार.

चरबी आणि पाणी यांच्या वारंवारतेत १.५ टेस्लावर सुमारे २२० हर्ट्‌झचा फरक असतो, ३ टेस्लावर सुमारे ४४०. फुप्फुसाला लागून असलेल्या हृदयाच्या कडेला क्षेत्र असमान होतं आणि वारंवारतेवर अवलंबून असलेलं दमन तिथेच फसतं. शिमचा (क्षेत्र समान करण्याचा) चौकोन संपूर्ण छातीवर न ठेवता फक्त हृदयावर बसवा. संशय असेल तर पाणी आणि चरबी वेगळी करणारी डिक्सन प्रतिमा घ्या. ठिपका चरबीच्या प्रतिमेत उमटला, तर प्रश्न मिटला.

चरबी दाबली तर प्लाकमधला मेदही नाहीसा होईल, अशी भीती काहींना वाटते. प्लाकमधला मेद मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि त्याचे एस्टर असतो, हृदयाभोवतीच्या चरबीसारखा ट्रायग्लिसराइड नव्हे. तो त्या दमनाला तसा प्रतिसाद देत नाही. निर्धास्तपणे दाबा.

दुसरा संशयित रक्त. रक्त काळं दाखवणाऱ्या डबल इन्व्हर्जनमध्ये आधी सगळं चुंबकत्व उलटं करतात, मग छेदापुरतं सुलटं. उलटं झालेलं रक्त वाहत छेदात आलं तरच पोकळी काळी दिसते. धमनीच्या लांबीला समांतर छेद घेतला किंवा प्रवाह मंद असला, तर सुलटं झालेलं रक्त जागेवरच राहतं आणि भिंतीला चिकटलेला राखाडी थर बनून दिसतं. अशा वेळी आडवा छेद घेऊन बघा. सुलट करणारा पट्टा छेदापेक्षा फार जाड असेल तर रक्त धुतलं जात नाही, फार पातळ असेल तर हलणारी भिंत पट्ट्याबाहेर जाऊन काळी पडते.

इन्व्हर्जनची वेळ (चुंबकत्व उलटं केल्यापासून डेटा घेईपर्यंतची) फार आखूड ठेवली तर चिन्ह न दाखवणाऱ्या साध्या मॅग्निट्यूड प्रतिमेत ऋण चुंबकत्वही उजळच दिसतं, हे लक्षात असू द्या. चिन्ह राखणारी फेज-सेन्सिटिव्ह पुनर्रचना इथे कामी येते.

तिसरा संशयित शीर. हृदयाची मोठी शीर आधी एलएडीच्या आणि पुढे सर्कमफ्लेक्सच्या (दोन्ही डाव्या करोनरीच्या शाखा) सोबतीने जाते. म्हणून गडद रक्ताच्या प्रतिमेबरोबर उजळ रक्ताची प्रतिमा त्याच ठोक्यांत, त्याच जागी घेतलेली हवी. वेगळ्या वेळी घेतलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या की दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात आणि शिरेतला ठिपका धमनीत जाऊन बसतो. ठिपका भिंतीत आहे की पोकळीत, हेही या जोडीवरूनच कळतं. पोकळीतला असेल तर गुठळीचा विचार आधी करायचा.

क्रमाची चूकही इथलीच. गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टचं औषध) दिल्यावर टी-वन प्रतिमा घेतली तर ती या कामाची राहत नाही. कॉन्ट्रास्टविना करायचं ते सगळं आधी उरका. भिंतीने कॉन्ट्रास्ट धरला तरी तो फायब्रोसिसमुळेही (तंतुमय ऊतीमुळे) असतो आणि दाहामुळेही, दोन्हींत भेद त्याने होत नाही.

तिरक्या छेदावर जाडी मोजणं

समजा छेदाची जाडी ३ मिमी आहे आणि धमनी काटकोनाऐवजी २० अंशांनी कलली आहे. तर छेदाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत भिंत सुमारे १.१ मिमी सरकते. म्हणजे खुद्द भिंतीइतकी. निरोगी भिंत दुप्पट जाड दिसेल आणि मोजणाऱ्याला शंकाही येणार नाही. दोन परस्परांना काटकोनात असलेल्या लांब छेदांवर आडवा छेद बसवा आणि धमनी वळते तिथे मोजूच नका.

पडद्यावर ०.६ मिमीचा पिक्सेल दिसतो म्हणून तेवढं विभेदन आहे असं नाही. १.२ मिमीला घेतलेला डेटा इंटरपोलेशनने (मधले पिक्सेल गणिताने भरून) तसा दाखवता येतो, माहिती मात्र १.२ चीच राहते. लिहिताना नेहमी घेतलेलं विभेदन लिहा.

गुणोत्तराचा आकडा उचलून वापरणं

प्लाकच्या सर्वाधिक सिग्नलला जवळच्या स्नायूच्या सरासरी सिग्नलने भागलं की प्लाक-स्नायू गुणोत्तर मिळतं. जपानमध्ये नोगुची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५६८ रुग्णांच्या अभ्यासात १.४ किंवा त्याहून जास्त गुणोत्तराचा पुढच्या करोनरी घटनांशी संबंध दाखवला. तेव्हापासून १.४ सगळीकडे वापरला जातो, वेगळ्या सिक्वेन्सवर (स्कॅनच्या पद्धतीवर) आणि वेगळ्या कॉइलवरसुद्धा (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनावर). तिथे तो तसाच लागू होईल असं धरू नका.

स्नायूची जागा निवडण्यात किती फरक पडतो बघा. प्लाक १८०, लगतचा स्नायू १३५: गुणोत्तर १.३३. तोच प्लाक, पण स्नायू कॉइलपासून लांबच्या मागच्या भिंतीतला, ११०: गुणोत्तर १.६४. रुग्ण तोच, धोक्याचा गट वेगळा. स्नायू प्लाकच्या शक्य तितका जवळ आणि कॉइलपासून तितक्याच अंतरावरचा घ्या. सर्वाधिक सिग्नल एका पिक्सेलवर ठरतो, त्यामुळे मोजणीचं वर्तुळ मोठं काढलं की गोंगाटामुळे आकडा वर जातो. वर्तुळाचा आकार आधीच ठरवून तो बदलू नका.

कॅल्शियमकडे एमआरआयला द्यायला हायड्रोजनच नाही, तिथे नुसता काळा डाग दिसतो. कॅल्शियम मोजायचं तर सीटी. धातूच्या स्टेंटमधल्या भागावर मत देऊ नका. पोकळी रुंद दिसली म्हणून प्लाक नाही असंही लिहू नका: ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं की प्लाक सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत धमनी बाहेरच्या बाजूने फुगून पोकळी राखत राहते.

औषधाचा परिणाम बघताना

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा असेल तर यंत्र, क्षेत्रशक्ती, कॉइल, सिक्वेन्स आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच हवी. पहिल्या वेळी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं असेल तर दुसऱ्या वेळीही द्या, कारण धमनी रुंदावली की भिंत पातळ दिसते. रक्तदाब कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी औषधं चालू असतील तर ते देता येत नाही, म्हणून हा निर्णय पहिल्या स्कॅनआधीच करायचा.

काही जणांचा स्कॅन त्याच दिवशी, टेबलावरून उतरवून, पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक ही तुमच्या मोजणीची खरी कुवत. औषधाने झालेला बदल त्याहून मोठा नसेल तर तो बदल म्हणून लिहिता येणार नाही. वाचणाऱ्याला कुठला स्कॅन आधीचा हे कळू नये. खराब प्रतिमा गाळायच्या असतील तर ते गुणोत्तर मोजण्याआधी गाळा आणि किती गाळल्या ते निष्कर्षांच्या तक्त्यात लिहा.