वापरकर्त्याचा मजकूर पानावर दाखवताना घ्यायची काळजी

वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर पानावर जसाच्या तसा छापला, तर त्यात दडवलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञा) वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच लॉगिनच्या अधिकाराने चालते. यालाच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. घातक शब्दांची यादी करून ते गाळणे हा उपाय मला धोकादायक वाटतो, कारण तो सुरक्षिततेचा केवळ भास निर्माण करतो. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर पसरलेल्या सॅमी वर्ममध्ये (वर्म म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम), गाळणीने अडवलेला ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द मध्येच नवी ओळ घालून तोडला होता, आणि एका दिवसाच्या आत हा वर्म 10 लाखांहून अधिक प्रोफाइलांपर्यंत पोहोचला.

म्हणून मजकूर साठवताना नव्हे, तर दाखवताना, तो जेथे उमटणार आहे त्या जागेनुसार एन्कोड करावा, म्हणजे त्यातील विशेष चिन्हे ब्राउझर केवळ मजकूर म्हणून दाखवील अशा रूपात बदलावीत. एचटीएमएलच्या साध्या मजकुरात कोनी कंस आणि अँपरसँड बदलले की पुरते, ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्माच्या मूल्यात) अवतरणचिन्हेही बदलावी लागतात, आणि लिंकच्या बाबतीत तर एवढ्यानेही भागत नाही, कारण ‘जावास्क्रिप्ट’ आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) अशा सुरुवातीच्या पत्त्यात यांपैकी एकही चिन्ह असण्याची गरज नसते. तेथे फक्त एचटीटीपी व एचटीटीपीएस हेच प्रकार स्वीकारावेत. ठळक अक्षरांसारखी सजावट द्यायचीच असेल, तर स्वतःची गाळणी न लिहिता डॉमप्युरिफायसारखे पारखलेले सॅनिटायझर (एचटीएमएलमधील घातक भाग काढून टाकणारे साधन) वापरावे. सेशन कुकीला (लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या, ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदीला) एचटीटीपी-ओन्ली खूण लावावी. तिने त्रुटी बुजत नाही, परंतु स्क्रिप्टला ती कुकी वाचता येत नाही.