फेंटानिलचा ठसका: इंडक्शनच्या वेळी टाळायचा कसा

इंडक्शनला, म्हणजे भूल सुरू करताना, फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक शिरेतून गेलं की मिनिटाच्या आत काही पेशंटना ठसका लागतो. चार-दोन ठसके येऊन थांबतात, म्हणून ओटीत (ऑपरेशन थिएटरात) त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पण तुराटी डोळ्यात घुसून बुबुळ फाटलेला शेतकरी टेबलावर असेल, तर तेवढ्या खोकल्यानंही डोळ्यातला दाब चढतो आणि आतलं जखमेतून बाहेर येऊ शकतं. मेंदूवर दाब असलेले आणि भरल्या पोटी आलेले पेशंटही तितकेच जोखमीचे.

खोकल्याची कारणं अनेक सांगतात. आपल्या हातात असतो तो औषधाचा वेग. 2 मिलीच्या ॲम्प्युलमध्ये 100 मायक्रोग्रॅम असतात. त्यात 8 मिली सलाईन घालून 10 मिली करा, म्हणजे मिलीला 10 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला किलोमागे दीड मायक्रोग्रॅम धरलं तर 9 मिली लागतात. आधी अडीच मिली द्या, एक मिनिट थांबा, मग उरलेलं साडेसहा मिली घड्याळ बघून 30 ते 60 सेकंदांत सोडा.

घोळ होतो तो पुढेच. औषध सावकाश दिलं, तरी थोडं थ्री-वे (सलाईनच्या नळीवरची तीन तोंडांची तोटी) आणि एक्स्टेन्शनच्या जोडनळीत राहतं. मागून कुणी सलाईन पूर्ण सोडलं की तेवढं एकदम आत जातं. फ्लशही (नळीतलं औषध पुढे ढकलणारं सलाईन) हळूच द्या.

जोखमीच्या पेशंटला फेंटानिलच्या एक मिनिट आधी शिरेतून लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) किलोमागे 1 मिलीग्रॅम द्या. 60 किलोला 2 टक्क्यांचं 3 मिली. बाटली शिरेतून देण्याची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच हवी. ॲड्रेनालिनवाली बाटली शेजारीच ठेवलेली असते, लेबल दोघांनी वाचा. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असेल तर लिग्नोकेन नको. नंतर नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) द्यायचा असेल तर हा डोसही हिशेबात धरा.

दम्याच्या पेशंटला ओटीत घेण्याआधी साल्ब्युटामॉलची वाफ द्या. ऑक्सिजन आधीपासून चालू ठेवा आणि सांगून ठेवा, "मामा, औषध देताना ठसका लागंल, घाबरू नका."

तरीही खोकला आलाच तर फेंटानिल थांबवा, 100 टक्के ऑक्सिजन द्या, प्रोपोफॉलनं भूल खोल करा. डोळ्याच्या केसमध्ये मास्कची कड जखमी डोळ्यावर टेकू देऊ नका. खोकला थांबला पण श्वास देण्याची बॅग दाबली जात नाही, छाती लाकडासारखी ताठ लागते, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथं स्नायू शिथिल करणारं औषध लागतं, म्हणून ते सिरिंजमध्ये भरूनच इंडक्शनला सुरुवात करा.