टेस्टोस्टेरॉन: डोस वाढवण्याआधी दिवस मोजा

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननंतरचा पहिला आठवडा तरतरीत जातो. तिसऱ्या आठवड्यात अंग गळून येतं, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. अशा वेळी पेशंट डोस वाढवून मागतो. बहुतेकदा डोस पुरेसा असतो, दोन इंजेक्शनांमधलं अंतर मात्र फार असतं. एनॅन्थेट (इंजेक्शनमधल्या टेस्टोस्टेरॉनचा एक प्रकार) दर साडेचार दिवसांनी साधारण निम्मं होतं. २१व्या दिवशी त्यातलं शेकडा चार-पाच भागच उरतं. डोस वाढवला तर सुरुवातीची पातळी आणखी वर जाते, शेवटची घसरगुंडी जवळपास तशीच राहते.

आधी वही करा: इंजेक्शनची तारीख, किती मिली, आणि कोणत्या दिवसापासून मरगळ आली. दोन फेऱ्यांची नोंद पुरते.

मग रक्ततपासणी. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा फुगलेला येतो, पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दिलं तर पडलेला. एनॅन्थेट किंवा त्याच्यासारखंच सिपिओनेट चालू असेल तर बरोबर मधल्या दिवशी रक्त द्या, म्हणजे १४ दिवसांच्या फेरीत सातव्या दिवशी. आकडा ३५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली किंवा ६००च्या वर आला तर बदल करायचा. १००० मिग्रॅच्या अनडेकॅनोएटचं (कित्येक आठवडे टिकणारा प्रकार) रक्त मात्र पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी द्यायचं. जेल लावत असाल तर लावल्यावर २ ते ८ तासांत. लॅबच्या कागदावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून घ्या, नाहीतर तो आकडा कुणालाच वाचता येत नाही.

आता हिशेब. दर तीन आठवड्यांनी २५० मिग्रॅ म्हणजे आठवड्याला सुमारे ८३. साधारण तेवढंच औषध कमी अंतराने घ्यायचं तर दर १० दिवसांनी १२५ मिग्रॅ (आठवड्याला ८७ पडतं). ही मांडणी डॉक्टरांसमोर ठेवा आणि नवं प्रिस्क्रिप्शन घ्या, परस्पर बदलू नका. २५० मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून १२५ म्हणजे अर्धा मिली. काचेची अँप्युल एकदा फोडली की उरलेलं टाकून द्यावं लागतं, ते सिरिंजमध्ये भरून पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. खर्च वाढतो, पण जंतुसंसर्ग त्याहून महाग पडतो. सस्टेनॉन या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

अनडेकॅनोएटचं गणित वेगळं. दुसरं इंजेक्शन ६ आठवड्यांनी, पुढची १० ते १४ आठवड्यांनी. इथे डोसाला हात लावत नाहीत, आठवडे मागेपुढे करतात. हे ४ मिली तेल दवाखान्यातच, कुल्ल्याच्या स्नायूत, सावकाश दोन मिनिटांत सोडायचं. नंतर अर्धा तास तिथेच बसायचं, कारण तेल फुफ्फुसात गेलं तर खोकल्याची उबळ आणि धाप लगेच लागते.

बदल केल्यावर एनॅन्थेटसाठी चार-सहा आठवडे थांबा. पातळी स्थिरावण्याआधीच पुन्हा बदललं तर कशाचा परिणाम काय, हे कळत नाही. इंजेक्शन चुकलं तर लक्षात येताच घ्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. डबल डोस नको. जेलचाही डबल डोस नको.

हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) औषध सुरू करण्याआधी, मग ३ ते ६ महिन्यांत, पुढे वर्षातून एकदा तपासा. ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात आणि खाली आल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही याच वेळी सांगा. चाळिशीपुढे पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणीही बघावी लागते.

वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर प्रत्येक बदलानंतर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर करून घ्या, रक्त जास्त पातळ होऊ शकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर खाली येऊ शकते, तेव्हा पहिले काही आठवडे ग्लुकोमीटर हाताशी असू द्या. आणि मूल हवं असेल तर वेळापत्रकाचा प्रश्नच मागे पडतो: बाहेरचं टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतूंची निर्मिती दाबतं, मात्रा कशीही विभागली तरी. त्यासाठी डॉक्टरांशी दुसऱ्या उपचाराबद्दलच बोलावं लागेल.