भित्तिचित्रांच्या फेरीला विनोदी श्रुतिकांची जोड

मोठ्या शहरात भित्तिचित्रे दूरदूर विखुरलेली असतात, त्यामुळे पाहण्यापेक्षा चालण्यातच अधिक वेळ जातो. हा मधला वेळ रेडिओवरील विनोदी श्रुतिकांसाठी राखून ठेवावा.

१. पाहायच्या भिंतींच्या खुणा आदल्या दिवशीच नकाशावर कराव्यात. अशी चित्रे पुसली जातात किंवा त्यांच्यावर नवी रंगवली जातात, म्हणून प्रत्येकाचे अलीकडचे छायाचित्र पाहून खात्री करून घ्यावी. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती सकाळी आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुपारनंतर घ्याव्यात, कारण तेव्हा त्यांच्यावर थेट उजेड पडतो. छायाचित्रे काढायची नसतील, तर मात्र या क्रमाचा फार आग्रह धरण्याचे कारण नाही.

२. सामान्य गतीने अर्ध्या तासात सुमारे दोन किलोमीटर चालणे होते, म्हणून तेवढ्या अंतराला अर्ध्या तासाची एक श्रुतिका असा हिशेब धरावा. १२८ केबीपीएस दर्जाची अशी फाइल साधारण २९ एमबीची असते. ती घरूनच डाउनलोड केल्यास भुयारी मार्गात आवाज तुटत नाही.

३. चित्रापाशी पोहोचताच श्रुतिका थांबवून वाद्यसंगीत लावावे. विनोद ऐकत चित्र पाहिले, तर लक्ष एकाकडेच राहते, आणि ते बहुधा चित्राकडे नसते.

चालताना इयरफोन एकाच कानात ठेवावा आणि रस्ता ओलांडताना तोही काढावा.