हालापाच्या संग्रहालयात ओल्मेक शिल्पं बघताना

मेक्सिकोत वेराक्रूझ राज्यात जाणं झालं, तर तिथल्या हालापा शहरातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवा. ओल्मेक ही मेक्सिकोतली एक प्राचीन संस्कृती. तिच्या आजवर सापडलेल्या 17 महाकाय दगडी मस्तकांपैकी 7 इथे आहेत. बहुतेक जण समोर उभं राहून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तसं करू नका. प्रत्येक मस्तकाला पूर्ण फेरी मारा. एकेकाचं शिरस्त्राण निराळं, कानातली आभूषणं निराळी आणि मागची बाजू बऱ्याचदा सपाट. काही मस्तकं जुनी दगडी सिंहासनं पुन्हा घडवून केलेली असावीत, असं अभ्यासक मानतात. मस्तकांचा हा बेसाल्ट दगड तुश्त्लाच्या डोंगरातून कित्येक किलोमीटर ओढत आणलेला, हे लक्षात ठेवून बघा.

आणि 'लास लिमास' या गावात सापडलेली हिरव्या दगडातली मूर्ती मुळीच चुकवू नका. उंची जेमतेम 55 सेंटिमीटर. मांडी घालून बसलेल्या तरुणाच्या हातांवर एक निपचित बाळ आहे. तरुणाच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर चार दैवी चेहरे इतके बारीक कोरलेत, की समोरून दिसतच नाहीत. जरा बाजूला सरका, प्रकाश तिरपा पडला की रेषा उमटतात. 1965 साली ती दोन मुलांना सापडली होती.