शरणपूरहून मोंबासाला येणाऱ्यांसाठी

जानेवारीत आमच्याकडे, केनियात मोंबासाला, ख्रिस्ती सेवेसाठी यायला निघालेल्या तुम्हा पाच जणांना सलाम.

मी सध्या रजेवर नाशिकला आहे, शरणपूरला बहिणीच्या घरी. गेल्या रविवारी उपासनेनंतर संत आंद्रिया चर्चच्या आवारात तुमच्यापैकी तिघं भेटलीत. एकीनं विचारलं, "ताई, तिथं गेल्यावर पहिला बाप्तिस्मा किती दिवसांत होईल?" तेवढ्यात पाळकसाहेबांनी हाक मारली आणि उत्तर अर्धंच राहिलं. मोंबासाला सोळा वर्षं काढल्यावर या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे.

आधी कागदपत्रं उरकून टाकू. केनियानं २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाची पद्धत बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती फक्त पाहुण्यासारखं येण्यासाठी. सेवेसाठी धार्मिक कामाचा वेगळा परवाना लागतो, त्याला तिथं 'क्लास आय' म्हणतात, आणि त्याचा अर्ज आपल्याला बोलावणारी मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, करते. तो हातात येईपर्यंत व्यासपीठावर उभं राहायचं नाही, शिकवायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्ये ठेवा. त्याच्याशिवाय परत येताना मुंबईच्या विमानतळावर अडकाल. किनाऱ्यावर मलेरिया आहे. मच्छरदाणीखाली झोपायचं, यात कंटाळा चालणार नाही.

सामान बांधताना एक लक्षात ठेवा. २०१७ पासून तिथं प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, तेव्हा आयांनी प्रेमानं पिशवी-पिशवीत बांधून दिलेला मसाला डब्यांत भरा. गोडा मसाला आणा, कांदा-लसूण मसाला आणा, डाळ आणू नका. तूर तिथं पिकते. तिला म्बाझी म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवतात आणि सकाळी महामरी नावाच्या गोडसर पुरीबरोबर खातात. आपल्या आमटीची आठवण येईल, पण ती आमटी नव्हे. आठ दिवसांत आवडायला लागते.

आता घड्याळ. हे नीट वाचा, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती मला अजून टोचते. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, 'सा मोजा'. नऊ म्हणजे तिसरा, 'सा तातू'. घड्याळाचे काटे आपल्यासारखेच असतात, फरक बोलण्यात असतो. माझ्या दुसऱ्याच महिन्यात साक्षरता वर्गातल्या एका आजींचा बाप्तिस्मा ठरला. त्यांनी मला बजावून सांगितलं होतं की पाण्यात उतरताना तू माझा हात धर, मला लाटांची भीती वाटते. मंडळीतल्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, फोनवर 'सा तातू' सांगितलं. मी तीनचा अर्थ तीन घेतला आणि दुपारी तीनला किनाऱ्यावर पोचले. बाप्तिस्मा सकाळी नऊला झाला होता. आजी बराच वेळ थांबल्या होत्या म्हणे, पण भरती ओसरायला लागली तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी हात धरून उतरल्या. बायबलात पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र म्हणतो की आता दिवसाचा तिसराच तास आहे. ते मी लहानपणापासून वाचत आले होते आणि जिथं लोक अजून तसेच तास मोजतात तिथं ते मला आठवलं नाही. तेव्हा वेळ ठरवताना दर वेळी 'असुबुही' म्हणजे सकाळ की 'जिओनी' म्हणजे संध्याकाळ हे विचारा, आणि आकडा दोन्ही तऱ्हांनी बोलून घ्या.

भाषेची भीती नको. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, रंगाला रांगी, औषधाला दावा, आंब्याला एंबे म्हणणाऱ्या माणसांत तुम्ही चालला आहात. व्यापाराची गलबतं शेकडो वर्षं वाऱ्याच्या जोरावर ये-जा करत होती, त्यांतून शब्दही उतरले. पण शब्द ओळखीचे निघाले म्हणून माणसं कळली असं होत नाही. पहिले तीन महिने ऐका. वडीलधारं माणूस भेटलं की 'शिकामो' म्हणायचं. ते 'माराहबा' म्हणून उत्तर देतील. हा आपल्याकडच्या वाकून केलेल्या नमस्काराइतका मोलाचा शब्द आहे. तो न म्हणता सुवार्ता सांगायला बसलात तर समोरचा हसून ऐकेल आणि मनातून दार लावून घेईल.

आपण तिथं पहिल्यांदा चाललेलो नाही, हेही सांगायला हवं. १८५४ साली रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवलं, शरण आलेल्यांचं गाव म्हणून. पुढे इंग्रज आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथं आणली गेली. आज ज्या रस्त्यानं तुम्ही कॉलेजला जाता त्याच परिसरात ती सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली आणि तिथंच त्यांचे बाप्तिस्मे झाले. त्यांतला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला तेव्हा सोबत्यांनी त्याचं शव महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणलं, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी नाशिकला शिकलेला हा तरुण शवपेटीबरोबर होता. पुढच्या वर्षी प्राइस यांच्याच हातून मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर फ्रेरटाउन उभं राहिलं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांचं नाव त्याला दिलं. सुटलेल्या गुलामांची ती वस्ती चालवायला नाशिकहूनच माणसं गेली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे त्यांतलेच. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्यांना डीकन, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पायरीवरचे सेवक, म्हणून दीक्षा दिली. फ्रेरटाउनची घंटा अजून आहे. तिच्यावरूनच त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. आपल्या घरापासून माटाटूनं, म्हणजे तिथल्या वडापनं, केंगेलेनीला उतरलं की पहिल्या दिवशी मी तुम्हाला तिथं नेणार आहे.

नावांकडे मात्र लक्ष द्या. जोन्स, सेमलर, वेनराइट. ही त्यांच्या आयांनी ठेवलेली नावं नव्हेत. आईनं ठेवलेलं नाव बहुतेकांचं हरवलं. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. ख्रिस्ताचं भजन त्यांनी अभंगात आणि ओवीत गायलं. म्हणून कुणी विचारलं की बाप्तिस्म्याला कोणतं नाव घेऊ, तर नाव सुचवायचं नाही. त्याला आईचं नाव हवं असेल तर तेच पाण्यात उतरू द्या.

टिळकांच्या घरातली दुसरी गोष्ट मला याहून जास्त उपयोगी पडली आहे. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं त्यांचा संसार फाटला. त्या परत आल्या, पण स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, स्वतःचं मन झालं तेव्हा. मधली पाच वर्षं कुणी त्यांना ओढत पाण्यापर्यंत नेलं असतं तर काय राहिलं असतं? मोंबासाला तुम्हाला अशी कितीतरी घरं भेटतील. नवरा तयार असतो, बायको नसते. मुलगी तयार असते, आजोबा मशिदीत जाणारे असतात. तुमच्या मनात घाई येईल, कारण तुमचा करार दोन वर्षांचा आहे. त्या घराला मात्र पुढची चाळीस वर्षं एकत्र जेवायचं आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही आईबापांच्या संमतीशिवाय बाप्तिस्म्याच्या वर्गात घ्यायचं नाही. पिठाची पोती, शाळेची फी, दवाखाना यांतलं काहीही बाप्तिस्म्याच्या बोलण्याजवळसुद्धा आणायचं नाही. मदत करणारी माणसं वेगळी आणि वर्ग घेणारी वेगळी, असं मी आठ वर्षांपूर्वी करून टाकलं. त्या वर्षी वर्गातली निम्मी माणसं गळली. जी राहिली ती आज मंडळीतले वडील आहेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ १८४४ साली मोंबासाला आले. काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नवजात लेक गेली. दोघींना तिथंच पुरलं. ते तरीही राहिले, रबाईच्या टेकडीवर गेले, भाषा शिकले, आणि कित्येक वर्षं एकाही बाप्तिस्म्याविना गेली. आणि पौल करिंथकरांना लिहितो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाच्या घरचे सोडून मी तुमच्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, हे बरंच झालं. आकडा विचारणाऱ्यांना पौलाचं हे वाक्य पुरेसं उत्तर आहे. इथल्या मंडळ्यांना पाठवायच्या पत्रात आपण किती बाप्तिस्मे झाले हे लिहीत नाही. कुणाच्या घरी बसलो, काय विचारलं गेलं, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, ते लिहितो. काही देणगीदारांना हे रुचत नाही. एकांनी मदत थांबवली. तरी मी पत्राची रीत बदलली नाही.

पण बाप्तिस्मा होतो तेव्हा आनंद करायचा, आणि मनापासून करायचा. लहान बाळांचा चर्चमध्ये कुंडाच्या पाण्यानं होतो. मोठ्यांपैकी ज्यांना हवं ते समुद्रात उतरतात. दिवस ठरवण्याआधी कोळ्यांना भरतीची वेळ विचारा. ओहोटीला पाणी पार खडकापर्यंत मागं जातं आणि कातळावर काळे काटेरी गोळे असतात, ते पायात मोडले की आठवडा जातो. भरतीला काठाजवळच कमरेइतकं पाणी मिळतं. पाण्यात कोण उतरणार? तिथले म्चुंगाजी, म्हणजे पाळक, आणि मंडळीतले दोन वडील. तुम्ही नाही. त्या माणसाचं लग्न, आजारपण, मरण जे बघणार आहेत त्यांच्याच हातांनी त्याला पाण्यातून वर यायचं असतं. तुमची जागा काठावर, बायकांच्या घोळक्यात. त्यांच्या हातांत रंगीत लेसो, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची कापडं, असतात. भिजलेली बाई वर आली की क्षणात तिला गुंडाळून घ्यायचं, आणि मग सगळ्याजणी जिभेनं ती उंच किलकारी घालतात, व्हिगेलेगेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ढसाढसा रडले. अजूनही डोळे भरतात. मग गाणी, चहा आणि मोठ्या पातेल्यातला पिलाव. भांडी घासायला उठायचं ते तुम्ही.

फोटो काढायचे नाहीत. घरच्यांनी मागितला तर त्यांच्याच फोनवर काढून द्या. भिजल्या अंगाचा फोटो कुणी पुढं पाठवला आणि त्यापायी एका मुलीचं घर सुटलं, हे मी पाहिलं आहे. किनाऱ्यावर मुसलमान कुटुंबं फिरायला येतात, कोळी जाळी वाळत घालतात. त्यांना आधी सांगून जागा ठरवायची, अजानच्या वेळी गाणं थांबवायचं. हे तुम्हाला जमेल. रामकुंडावर दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या पाण्याकाठी आवाज खाली ठेवून उभं राहायला नाशिकच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

घरात आपण एकूण नऊ जण असू. सोमवार सुटीचा, आणि सुटी म्हणजे सुटी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांकडून सातही दिवस काम घेतलं आणि एक गुणी मुलगा आजारी पडून परत गेला. दोष माझा होता. पैशाचा हिशेब दोन जणांच्या हातात असतो, एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीतून, गेलेला शिलिंगही वहीत लिहिला जातो. मनात राग साचला तर आधी माझ्याकडे या, रात्रीची कितीही वेळ असो. घरी फोन आठवड्यातून दोनदा. आपण नाशिकच्या अडीच तास मागं असतो, तेव्हा तिथं जेवणं उरकून फोन केलात तर इकडे आई झोपलेली असेल.

पहिल्या शनिवारी दुपारी कुणाला भेटायला न्यायचं ते ठरलं आहे. त्या आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण नवीन येणाऱ्या प्रत्येकाला म्बाझी स्वतः करून वाढतात. त्यांच्यासाठी नाशिकचे मनुके आणा, डब्यात. दारातूनच 'शिकामो' म्हणा, आणि निघताना त्या उठायला लागल्या की हात पुढे करा.