फ्लो सायटोमेट्री: मशीनवर बसण्याआधी आणि बसल्यावर

पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेमध्ये प्रोजेक्टला येणाऱ्यांना वाटतं, फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे पेशी एकेक करून मोजण्याचं, खरं काम मशीनवर. माझ्या मते निकाल बराचसा आधी ट्यूबमध्येच ठरतो.

मशीनमध्ये पेशी बारीक धारेतून एकेक करून लेझरसमोरून जातात. समोर विखुरलेल्या प्रकाशावरून आकाराचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्यावरून आतल्या कणीदारपणाचा. प्रतिपिंडाला जोडलेला रंग चमकला की पेशीवर कोणतं प्रथिन आहे ते कळतं.

समजा, रक्तातल्या टी-पेशी बघायच्या आहेत. त्या पेशींवरच्या सीडी३, सीडी४, सीडी८ या प्रथिनांसाठी आधी चमकणारे रंग ठरवा: सीडी३ साठी एफआयटीसी, सीडी४ साठी पीई, सीडी८ साठी एपीसी. पहिले दोन ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर चालतात, तिसऱ्याला लाल लेझर लागतो. तो मशीनला आहे ना, हे स्लॉट घेतानाच विचारा.

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतल्या १०० मायक्रोलिटर रक्तात प्रतिपिंडं घालून २०-३० मिनिटं अंधारात ठेवा. मग तांबड्या पेशी फोडणारं द्रावण घाला. ट्यूबमागे छापील कागद धरा. गढूळ लाल द्रवातून अक्षरं वाचता येऊ लागली की झालं. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाच्या ३०० पट) पाच मिनिटं फिरवा, पीबीएस या खारट बफरने धुवा, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. गुठळ्या राहिल्या तर मशीन तुंबतं आणि ऑपरेटरची बोलणी बसतात, ती वेगळीच.

कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या ट्यूब, मात्र कधीच वगळू नका. एक ट्यूब बिनरंगाची आणि प्रत्येक रंगाची एकेक स्वतंत्र. एफआयटीसीचा उजेड पीईच्या डिटेक्टरमध्येही सांडतो. तो किती वजा करायचा हे याच ट्यूबांवरून ठरतं. याला कम्पेन्सेशन म्हणतात. कंट्रोल नसतील तर सॉफ्टवेअर आकडा देईल, पण त्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवणार?

मशीनवर आधी बिनरंगाची ट्यूब लावून डिटेक्टरचं व्होल्टेज बसवा, वेग कमी ठेवा. कंट्रोल चालवल्यावर व्होल्टेजला हात लावायचा नाही. मग आलेखावर लिम्फोसाइट्सभोवती (टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी) गेट, म्हणजे निवडीची चौकट, काढा, सिग्नलच्या उंची-क्षेत्रफळाच्या आलेखावर जोडपेशी (एकमेकींना चिकटलेल्या पेशी) बाजूला करा, सीडी३ असलेल्या निवडा आणि त्यांतच सीडी४ विरुद्ध सीडी८ बघा. गोठवलेल्या पेशी असतील तर ७-एएडी हा मेलेल्या पेशी ओळखणारा रंग लागेलच, कारण मेलेल्या पेशींना प्रतिपिंडं उगाच चिकटतात. त्याचाही स्वतंत्र कंट्रोल हवा.

निघताना नुसती आलेखांची चित्रं नेऊ नका, मूळ एफसीएस फाइली (मशीनचा कच्चा डेटा) घ्या. गाइडने गेट हलवायला सांगितलं तर चित्रावर ते जमणार नाही.